हातमोजे हातात, विष पाठीवर

2017 च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले, कित्येकांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. विशेष तपास पथक नेमले गेले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदीही आली. पण त्या वेळी अधिकाऱ्यांपासून चहाच्या टपरीपर्यंत एक वाक्य रुळले आणि ते अजून गेलेले नाही : ‘मजुरांनी काळजी घेतली नाही, हातमोजे घातले नाहीत.’ या वाक्याला माझा आक्षेप आहे. तो भावनेचा नाही, शरीरशास्त्राचा आहे.

शाळेच्या विज्ञानात आपली मुले चार ऊती पाठ करतात : अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. एकसारखे काम करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. अभिस्तर म्हणजे सोप्या भाषेत शरीराचे अस्तर. बाहेरून कातडी, आतून तोंड, अन्ननलिका, श्वासनलिका, फुप्फुसे, आतडी. या पेशी एकमेकींना अगदी चिकटून बसलेल्या असतात. बाहेरच्या जगाचा आणि आपल्या रक्ताचा जिथे जिथे सामना होतो, तिथे पहाऱ्याला हीच ऊती उभी असते.

कातडीत हिचे अनेक थर असतात. सर्वांत वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो आणि त्यांच्या फटींत चरबी भरलेली असते. विटा आणि गारा, असेच समजा. म्हणून दिवसभर पावसात निंदण केले तरी पाणी अंगात मुरत नाही. पण ही भिंत पाण्यासाठी आहे, तेलासाठी नाही. बाटलीवर ‘ईसी’ लिहिलेले कीटकनाशक तेलासारख्या द्रावकात विरघळवलेले असते. पाण्यात ओतले की ते दुधासारखे होते ते यामुळेच. विटांमधल्या चरबीतून अशा विषाला वाट सापडते. (आपण त्याला ‘औषध’ म्हणतो, हाही एक घोळच. झाडाला असेल औषध, माणसाला ते विषच.)

ही भिंत सगळीकडे सारखी नसते. 1971 साली अमेरिकेत संशोधकांनी पॅराथिऑन हे कीटकनाशक माणसाच्या निरनिराळ्या भागांवर लावून किती आत शिरते ते मोजले. कोपराखालच्या हातातून जेवढे शिरले ते एक धरले, तर तळहातातून त्यापेक्षा थोडेसेच जास्त गेले. डोक्याच्या कातडीतून जवळजवळ पावणेचार पट, कपाळातून चौपटीहून जास्त, काखेतून सातपटीहून जास्त. आणि अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ बारापट. आरोग्याच्या पानावर हा शब्द लिहायला लाजण्याचे कारण नाही; गावातल्या प्रत्येक फवारणी करणाऱ्याला हा आकडा माहीत असला पाहिजे.

आता फवारणीवाल्याचे अंग कुठे भिजते ते पाहा. पंप पाठीवर. झाकण नीट बसत नाही, वायसर झिजलेला. प्रत्येक पावलागणिक थोडे थोडे द्रावण पाठीवरून कमरेत उतरते आणि चड्डीत मुरते. कपाशी छातीला लागलेली असली तर पुढच्या ओळीतून जाताना ओल्या पानांनी मांड्या भिजतात. उकाड्याने घाम सुटलेला. ओला कपडा अंगाला चिकटून राहतो आणि पोटीस बांधावे तसे विष तासन् तास कातडीवर बांधले जाते. अशा माणसाच्या हातात मोजे देऊन आपण काय झाकले? विष सर्वांत कमी शिरते त्यांपैकी एक जागा! हातमोजे घालू नका असे मी म्हणत नाही. बाटली उघडताना आणि विष कालवताना ते हवेतच. पण ते दिले म्हणजे मालकाची जबाबदारी संपली, हे मला मान्य नाही.

फुप्फुसात तर थरही नाहीत. वायुकोशांना चपट्या पेशींचे एकच पदर अस्तर असते, प्राणवायू सहज आत जावा म्हणून. बारीक तुषारही तिथूनच जातात. तोंडाला बांधलेला दुपट्टा ओला झाला की तोही उपयोगाचा राहत नाही.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले विष रक्तात पोचले की ते चेता आणि स्नायू यांच्यामधला कोलिनेस्टरेज नावाचा विकर बंद पाडते. मग लाळ, घाम, उलटी, बाहुली टाचणीएवढी होणे, मांस फडफडणे आणि शेवटी श्वास थांबणे. सुरुवातीची मळमळ-चक्कर ‘ऊन लागले’ म्हणून सोडून दिली जाते. लिंबूपाणी घेऊन माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप उचलतो, कारण रोज बुडतो. आणि खरा धोका इथेच आहे. हा विकर पूर्ववत व्हायला आठवडे लागतात. कालचे विष भरून निघाले नसताना आजचे त्यात जमा होते.

पंप उचलतो तो बहुधा ज्याच्या नावावर सातबारा नाही तो. आपल्या समाजातले आणि आदिवासी बांधव यांत किती, हे आपापल्या गावात नजर टाकली तरी दिसेल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात अनुदान योजना विषबाधेचा मृत्यू धरते, पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी. मजुराची विधवा त्यात कुठे बसते? बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. गिरणी-कारखान्यातल्या कामगाराच्या तासांना कायद्याची चौकट आली. वावरातल्या मजुराचे तास मात्र आजही मालकच ठरवतो.

कीटकनाशक नियम 1971 मध्ये फवारणी करणाऱ्यांची कामाआधी आणि ठराविक काळाने वैद्यकीय तपासणी करायला सांगितले आहे. आपण मागणी करायची ती याची. जुलैमध्ये फवारणी सुरू होण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात मजुरांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज एकदा मोजून ठेवावे, म्हणजे पुढे ते किती घसरले ते कळेल. ग्रामसभेत ठराव घ्या. मजुराचे नाव, मालकाचे नाव आणि विषाचे नाव लिहिलेली वही ठेवा.

वर्षावास आणि फवारणी यांचे महिने एकच आहेत. विहारात ग्रंथवाचनाला लोक जमतातच. त्यात एक संध्याकाळ यासाठी काढता येईल. पंपाचा वायसर बदलल्याशिवाय तो पाठीवर घ्यायचा नाही. पाठीपासून मांडीपर्यंत प्लास्टिकचा कागद किंवा रेक्झिन बांधायचे. कपडा भिजला की काम थांबवून तिथेच साबणाने अंग धुवायचे, संध्याकाळची वाट पाहायची नाही. ते कपडे घरच्या कपड्यांत टाकायचे नाहीत, आणि धुणाऱ्या बाईच्या भेगाळलेल्या हातांसाठी मोजे ठेवायचे. तिच्या कातडीची भिंत आधीच फुटलेली असते. दवाखान्यात जाताना बाटली सोबत न्यायची. ॲट्रोपिन एका प्रकारच्या विषावर चालते, दुसऱ्यावर नाही, आणि काहींवर उताराच नाही. डॉक्टरला ते लेबलवरूनच कळते.