शाळेच्या ओसरीत हरभऱ्याची परीक्षा



आश्विन लागला की खेड्यातल्या शाळेत एकच गडबड उडते. सहामाही परीक्षा, खो-खो आणि कबड्डीचे तालुक्याचे सामने, विज्ञान प्रदर्शनाची तयारी, सगळे एकदम येते. घरी सोयाबीनची काढणी चालू असते, त्यामुळे मुले एक दिवस वर्गात तर दोन दिवस रानात. दिवाळीच्या सुट्टीआधी मुख्याध्यापक गुणवंतांची नावे फळ्यावर लिहितात. आज मला सांगायचे आहे ते एका अशा मुलाविषयी, ज्याचे नाव त्या फळ्यावर आले नाही. माझ्या मते ते सर्वांत वर हवे होते.

गोष्ट २०२४ च्या आश्विनातली, सोलापूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेची. विज्ञानाचे सर मला म्हणाले, "साहेब, मुलांना शेतीतला एखादा प्रयोग द्या. तेच तेच ज्वालामुखी करून मुलं कंटाळली." मी म्हटले, "नववीच्या मुलांना घरचं हरभऱ्याचं बी आणायला सांगा. आपण त्याची परीक्षा घेऊ."

त्या वर्षी घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती. आपल्या घरी देवीपुढे घट बसतो. रानातली माती आणून तिच्यात सात-नऊ प्रकारचे धान्य पेरतात आणि दसऱ्याला ते कोंब टोपीत खोवतात. आयाबायांनी चालवलेली ही बियाण्याची चाचणीच आहे, असे मी नेहमी सांगतो. फरक एवढाच की घटातले दाणे आपण मोजत नाही. शाळेत मुलांनी ते मोजले.

छत्तीस मुलांनी पुड्या आणल्या. कोणाला कमीपणा नको म्हणून सरांनी पुड्यांवर नावे न घालता आकडे घातले. कुठला आकडा आपला, हे ज्याचे त्याला ठाऊक. प्रत्येक पुडीतले शंभर दाणे निवड न करता घेतले, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडले, वरून दुसरे ओले गोणपाट झाकले आणि ओसरीच्या सावलीत ठेवले. पाणी शिंपडायच्या पाळ्या लावल्या. शाळेजवळची मुले रविवारीही येऊन शिंपडून गेली.

आठव्या दिवशी, शुक्रवारी ११ तारखेला, मोजणी झाली. ज्याला मूळ आणि कोंब दोन्ही धड आहेत तोच दाणा धरायचा. नुसता फुगलेला, बुरशी आलेला किंवा मुळाविना वाकडा कोंब काढलेला धरायचा नाही. बहुतेक पुड्या ८० च्या पुढे गेल्या. सतरा नंबरची पुडी एका मुलाने मोजली, ४६ भरले. पुन्हा मोजली, ४६च. पुडी त्याच्याच घरची होती. त्याने ४६ चे ६४ केले असते तरी कोणाला कळले नसते. त्याने वहीत ४६ लिहिले आणि सरांकडे दिले.

पुढचे मला त्याच्या वडिलांनीच सांगितले. रात्री जेवताना पोरगे म्हणाले, "आबा, आपलं बी निम्मंबी उगवत न्हाई." दोन एकर रान तयार होते, पाणी होते, पेरणीला ट्रॅक्टरवाल्याशी बोलणे झाले होते. वडील भडकले, "तुला शाळंत पुस्तक शिकाया धाडलंय, का माझं बी मोजाया?" पोरगे गप्प झाले. मग आई हळूच म्हणाली, "घटातबी हरभरा विरळच आलाय. मी बोलले न्हाई." बियाणे वर्षभर तिनेच सांभाळले होते, म्हणून तिला तोंड उघडवत नव्हते. पावसाळ्यात पत्र्यातून पाणी गळून गोणी एका बाजूने भिजली होती आणि मग तिच्यात भुंगा झाला होता.

दसऱ्याच्या सकाळी वडील मुलाला घेऊन शाळेत आले. शिपायाने ओसरी उघडून दिली. त्यांनी स्वतः गोणपाट उलगडले, सतरा नंबरच्या दहा ओळी बोटाने मोजल्या. मग मला फोन आला, "साहेब, हरभऱ्याचं प्रमाणित बी कुठं मिळंल?"

त्यांनी दोन एकरांचे बी बदलले. मार्गशीर्षात मी ते रान पाहिले. ओळीत कुठे तुटाळ नव्हती. जुने बी पेरले असते तर मशागत, खत, ट्रॅक्टरचे भाडे सगळे देऊन रान निम्मे मोकळे राहिले असते, आणि दुबार पेरणीला तोवर उशीर झाला असता.

इथे माझीही एक चूक कबूल करतो. नोकरीच्या सुरुवातीला एका शेतकऱ्याने मला हरभरा दाखवला. दाणा टपोरा, रंग चांगला. मी हातात घेऊन म्हणालो, "उत्तम आहे, पेरा." तो उगवला नाही. पदवी माझी होती, नुकसान त्याचे झाले. डोळ्यांनी बियाण्याचे पोट दिसत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. नववीतल्या मुलाने ते शंभर दाण्यांत शिकून घेतले.

काही पालक म्हणतात, शाळेत शेतीचे कशाला? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली ४ ऑक्टोबरला सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहांतली मुले अंगमेहनतीची कामे करून शिकली. हाताला काम लागले म्हणून त्यांची विद्या उणी झाली नाही.

आता तुमच्यासाठी. बागायती हरभऱ्याची पेर २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या काळात साधावी. त्याआधी आठ-दहा दिवस घरच्या बियाण्याची अशी परीक्षा घ्या. गोणीच्या वरून, मधून आणि तळातून दाणे घेऊन मिसळा आणि त्यांतले शंभर मांडा. ८५ किंवा जास्त उगवले तर मध्यम दाण्याच्या वाणाला एकरी २६ ते २८ किलो बी पुरते. ७० उगवले तर त्याच हिशेबाने एकरी ३४ किलोपर्यंत वाढवा. ६० च्या खाली आले तर पेरूच नका. नुसते बी वाढवून भागत नाही, कारण अशा बियाण्याचे उगवलेले रोपही अशक्त निघते. भुंगा फार नसेल आणि औषध लावलेले नसेल तर निवडून डाळ करा. चांगल्या बियाण्यालाही पेरणीपूर्वी ट्रायकोडर्मा किलोला ५ ग्रॅम चोळा आणि नंतर दहा किलोला २५० ग्रॅम रायझोबियम लावून सावलीत सुकवा.

हे काम घरातल्या शाळकरी मुला-मुलींवर सोपवा. त्यांच्या वहीत जो आकडा येईल तो ऐकून घ्या. आपल्याला न आवडणारा आला म्हणून त्यांच्यावर ओरडू नका. ज्या घरी खरा आकडा सांगितल्याबद्दल पोराला बोलणी बसतात, तिथे पुढच्या वर्षी ते ६४ च सांगेल.

आणि गुरुजींना एक विनंती. खो-खोत जिंकलेल्यांची आणि परीक्षेत पहिल्या आलेल्यांची नावे फळ्यावर जरूर लिहा. त्यांच्याच ओळीत, वहीत खरा आकडा लिहिणाऱ्याचेही एक नाव येऊ द्या.

पुढच्या अंकी भेटू. राम राम.