ट्रॅक्टर का रुसला?

बालमित्रांनो, मृगाचा पाऊस पडून गेलाय, रानाला छान वाफसा आलाय, बियाणं पोत्यात तयार आहे आणि नेमका त्याच सकाळी ट्रॅक्टर सुरू होत नाही! अशा वेळी घरात काय गोंधळ उडतो, ते खेड्यातल्या दोस्तांना सांगायला नकोच. वाफसा काही कुणासाठी थांबत नाही.

मागे एकदा आमच्या आप्पांकडे असंच झालं. आप्पांनी किल्ली फिरवली. आवाज नाही, काही नाही. ट्रॅक्टर आपला ढिम्म! शेजारचे एक काका म्हणाले, "स्क्रू-ड्रायव्हर आणा. स्टार्टरला डायरेक्ट देतो." ते मोठ्या चाकाजवळ वाकलेसुद्धा. तेवढ्यात सातवीतली आमची पुतणी म्हणाली, "आजोबा, गिअर कशात आहे?"

बघतात तर दुसरा गिअर! आदल्या संध्याकाळी डिझेल संपून ट्रॅक्टर उतारावर बंद पडला, तो घसरू नये म्हणून आप्पांनीच गिअरमध्ये ठेवलेला. बऱ्याच ट्रॅक्टरना एक सुरक्षा स्विच असतो. गिअर न्यूट्रल नसेल किंवा क्लच दाबलेला नसेल, तर तो स्टार्टरला वीजच जाऊ देत नाही. म्हणजे ट्रॅक्टर बिघडला नव्हता, तो पहारा देत होता! डायरेक्ट दिलं की हा पहारा उठतो, ट्रॅक्टर एकदम पुढे उसळतो आणि चाकाजवळचा माणूस खाली सापडतो. अशानं माणसांचे जीव गेलेले आहेत. म्हणून हा उपाय कोणी करू लागलं, तर लहान असलात तरी मोठ्यानं "थांबा" म्हणा.

हँडब्रेक ओढून आप्पांनी गिअर न्यूट्रल केला. आता घर्र-घर्र आवाज झाला, पण इंजिन काही पेटेना. इथेच कान उपयोगी पडतात, बरं का! नुसती 'टक्-टक्' झाली असती आणि दिवे मंदावले असते, तर संशय बॅटरीवर. ती उतरलेली असते, नाहीतर तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड साचून वीज अडते. पण इंजिन जोरात फिरतंय, म्हणजे बॅटरी ठीक. मग पाहायचा सायलेन्सर. त्यातून धूर अजिबात येत नव्हता. याचा अर्थ, डिझेल आत पोचतच नव्हतं!

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सायकलचा पंप मारताना तो गरम होतो ना? तसंच इथे हवा पंधरा-वीस पट दाबली जाते आणि ५०० अंश सेल्सियसच्याही वर तापते. त्यात डिझेलचा फवारा उडाला की ते आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरनं १८९७ साली असं इंजिन चालवून दाखवलं.

आप्पांनी सकाळी टाकी भरली होती, स्टॉपचा दट्ट्याही आत होता. मग अडलं कुठे? टाकी कोरडी पडली तेव्हा नळीत हवा शिरली होती. 'एअर धरली' म्हणतात ती हीच. एक प्रयोग करा. सुई नसलेली, नवी प्लॅस्टिकची सिरिंज घ्या. तिच्यात हवा भरा, तोंड बोटानं बंद करा आणि दट्ट्या दाबा. दबतो ना? आता पूर्ण पाणी भरून दाबा. हलतसुद्धा नाही! नळीत हवा असली की पंपाचा सगळा जोर ती हवा दाबण्यातच जातो आणि फवारा उडत नाही.

आप्पांनी फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल केला आणि हातपंप मारायला लागले. आधी बुडबुडे आले, फेस आला, मग डिझेलची सलग धार लागली. स्क्रू घट्ट केला, सांडलेलं डिझेल पुसलं आणि किल्ली फिरवली. दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, नाहीतर स्टार्टर तापतो. दुसऱ्या खेपेला धडधड सुरू! दुपारपर्यंत निम्मं रान पेरून झालं.

दोस्तांनो, हे काम मोठ्यांचंच. तुम्ही हात लावायचा नाही. पण ऐकायचं, पाहायचं आणि विचारायचं काम तुमचं. त्या दिवशी पान्याच्या आधी एक प्रश्न कामाला आला, हे विसरू नका!