पत्रिका शिवाराची की शेताची?

खरिपाची पेरणी जवळ आली म्हणजे आमच्या सभासदांपैकी पुष्कळांची पावले खताच्या दुकानाकडे वळतात. कोणते खत घ्यावयाचे याचा निर्णय शेजाऱ्याने काय नेले, दुकानात काय शिल्लक आहे आणि गाठीस पैसे किती आहेत, या तीन गोष्टींवरून होतो. ज्या जमिनीत ते खत पडावयाचे तिचे मत मात्र कोणी विचारीत नाही. ते विचारण्याची सोय आज झालेली आहे. परंतु ती सोय जितकी वापरली जावी तितकी वापरली जात नाही, आणि जशी असावी तशी ती अद्याप नाही. या दोन्ही गोष्टींविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

पिकाच्या पोषणाचा मूळ नियम जर्मनीतील कार्ल स्प्रेंगेल याने १८२८ साली मांडला व पुढे युस्टुस फॉन लीबिग याने तो जगभर प्रसिद्ध केला. पिकास लागणाऱ्या द्रव्यांपैकी जे सर्वांत कमी पडते त्याच्या मानाने पीक येते. इतर द्रव्ये कितीही असली तरी ती व्यर्थ होत, हा त्याचा आशय. चार बैलांचा नांगर सर्वांत मंद बैलाच्या चालीने चालतो, हे ज्यास ठाऊक आहे त्यास हा नियम निराळा शिकवावयास नको. तरीही जस्ताची उणीव असलेल्या शेतात आम्ही युरियाचे आणखी एक पोते टाकतो, म्हणजे पुढच्याच बैलास चाबूक मारतो.

परंतु नियम ठाऊक असणे निराळे आणि शेताची प्रकृती ठाऊक असणे निराळे. खुद्द लीबिगसारख्या विद्वानासही याचा अनुभव आला. १८४५ च्या सुमारास त्याने आपले एक खत बाजारात आणिले. पावसाने क्षार वाहून जाऊ नयेत म्हणून ते भट्टीत वितळवून इतके अविद्राव्य केले होते की पिकांच्या मुळांसही ते मिळेना! शिवाय हवेतून येणारे नत्र पिकास पुरते, अशी त्याची समजूत होती. याच काळात इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे लॉज व गिल्बर्ट या दोघांनी वाद घालण्याऐवजी शेताचे पट्टे पाडिले. ब्रॉडबॉक नावाच्या त्या शेतात १८४३ च्या हिवाळी गव्हापासून एका पट्ट्यास काहीही खत नाही, एकास केवळ शेणखत, इतरांस निरनिराळी क्षारखते, असा क्रम चालू झाला व तो आजही चालू आहे. नत्रावाचून गहू उपाशी राहतो, हे त्या पट्ट्यांनी दाखविले. पुस्तकाची चूक शेताने दुरुस्त केली.

लीबिगच्या खताची जी गत झाली तीच आमच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत पुष्कळ द्रव्यांची होते. जमिनीत लोह विपुल असते, पण सामू ८ च्या वर गेला व चुना पुष्कळ असला की ते पिकास मिळत नाही. मग भुईमूग व ऊस पिवळे पडतात आणि आम्ही म्हणतो, केवडा पडला. येथे पान वाचता आले पाहिजे. नत्राच्या उणिवेने खालची जुनी पाने आधी पिवळी होतात, कारण नत्र जुन्या पानातून कोवळ्या पानाकडे जाऊ शकते. लोह तसे हलत नाही. म्हणून शेंड्याची नवी पाने पिवळी होतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हा भेद न ओळखता केवड्यावर युरिया टाकणारा शेतकरी पैसा आणि दिवस दोन्ही गमावितो. अशा जमिनीत नुसता हिराकस मातीत टाकला तर तोही लवकरच अविद्राव्य होतो; तो शेणखतात मुरवून द्यावा, किंवा पाण्यात विरघळवून पानांवर फवारावा.

रोग समजून उणिवेवर उपचार करण्याचे याहून मोठे उदाहरण हिमालयाच्या पायथ्याशी तराईत घडले. तेथील भातावर गंजासारखे, काताच्या रंगाचे डाग पडत व रोप खुरटे. लोक त्यास खैरा म्हणत. पंतनगरच्या कृषी विद्यापीठातील वनस्पतिरोगतज्ज्ञ डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी हा रोगजंतूचा प्रताप नसून जस्ताची उणीव आहे, असे सिद्ध केले. त्यांचा निबंध १९६६ साली प्रसिद्ध झाला. हेक्टरी ५ किलो जस्त सल्फेट व २.५ किलो विझविलेला चुना पाण्यातून फवारण्याचा सोपा उपाय त्यावर रूढ झाला. रोग शोधावयास नेमलेल्या मनुष्याने रोग नाही असे सांगावे, हा त्या शास्त्राचा खरा प्रामाणिकपणा होय.

आता आपल्या हाती काय आहे ते पाहू. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे सुरू झाली. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब अशा १२ गोष्टी तीत नोंदल्या जातात. योजना स्तुत्य आहे, यात शंका नाही. तथापि आरंभी ठरलेल्या पद्धतीप्रमाणे बागायतीत अडीच हेक्टरांस व जिरायतीत १० हेक्टरांस एक नमुना घेतला गेला. १० हेक्टर म्हणजे जवळजवळ २५ एकर! तेवढ्या टापूत माळाची बरड, मधली मध्यम व ओढ्याकाठची भारी अशा तीन जाती सहज सापडतात. त्यांतील एका ठिकाणची माती तपासून तोच आकडा सर्वांच्या हाती देणे म्हणजे घरातील एकाची नाडी पाहून सर्वांस तेच औषध देणे होय. ही पत्रिका शिवाराची झाली, शेताची झाली नाही. ज्या शेतकऱ्याने ती घडी करून पेटीत ठेविली त्यास आम्ही सर्वस्वी दोष देऊ शकत नाही. २०१९-२० साली निवडक गावांत प्रत्येकाच्या शेताचा नमुना घेण्याचा प्रयोग सरकारनेच केला. तोच नियम सर्वत्र व्हावा, अशी आमची मागणी आहे.

दुसरी तक्रार धोरणाची. २०१० साली अन्नद्रव्यांच्या प्रमाणात सवलत देण्याची पद्धती सुरू झाली, पण युरिया तिच्याबाहेर ठेविला गेला. नत्र स्वस्त व स्फुरद-पालाश महाग, अशी स्थिती असता शेतकऱ्याने समतोल राखावा असा उपदेश करणे सोपे, पण त्यास खिशाची साक्ष मिळत नाही. प्रयोगशाळा एक सांगते आणि दुकानाचा भाव दुसरे सांगतो. अशा वेळी भावच ऐकला जातो.

आणि सरकारची वाट पाहत स्वस्थ बसावे, असेही आमचे म्हणणे नाही. आमच्या सभासदांनी तीन गोष्टी कराव्या. पहिली, नमुना आपला आपण नीट घ्यावा. एकसारख्या जमिनीत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल माती घेऊन, एकत्र करून, चार भाग पाडून अर्धा किलो ठेवावी. बांध, झाडाची सावली, उकिरडा व नुकतेच खत पडलेली जागा टाळावी. जस्ताचा मुलामा असलेले घमेले व गंजका फावडा वापरू नये; नाहीतर शेतातील जस्त व लोह न मोजता अवजारांचेच मोजले जाईल!

दुसरी, शेणखत व कंपोस्ट यांस विसरू नये. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी कचऱ्यापासून खत करण्याची जी पद्धती बसविली व १९३१ साली पुस्तकरूपाने मांडली, तिचे महत्त्व अजून कमी झालेले नाही. सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या जमिनीत क्षारखतांचाही पुरता उपयोग होत नाही.

तिसरी, ब्रॉडबॉकचा धडा आपल्या बांधावर आणावा. पत्रिकेत जे द्रव्य कमी दिसेल ते सर्व शेतास द्यावे व दोन ठिकाणी एक-एक गुंठा त्यावाचून ठेवावा. काढणीच्या वेळी त्या दोन गुंठ्यांचे व शेजारच्या दोन गुंठ्यांचे पीक निरनिराळे तोलावे. गुंठ्याच्या सरासरी वजनास ४० ने गुणले की एकराचा हिशेब होतो. मातीचे परीक्षण संभव सांगते, निकाल नाही. निकाल तराजू देतो. एका वर्षाच्या पावसावर विसंबू नये, म्हणून हे दोन-तीन हंगाम करावे.

या वजनांची नोंद संस्थेच्या कार्यालयात आणून दिल्यास ती गावाच्या व जमिनीच्या जातीच्या अनुक्रमे या मासिकात छापण्यास आम्ही सिद्ध आहोत. खत घालूनही ज्यांचे वजन वाढले नाही त्यांनी तर अवश्य कळवावे. त्यांच्या आकड्याने दुसऱ्याचे पोते वाचेल. पत्रिका शेताची व्हावी ही मागणी सरकारपुढे घेऊन जाताना आमच्या हाती अर्जाबरोबर ही वजने असली, तर तो अर्ज बाजूस सारणे कोणासही कठीण जाईल.