धबधब्याला कुलूप नको, वाटेला राखणदार पाहिजे

पावसाळा लागला की आपल्याकडे तीन गोष्टी ओळीने येतात. आधी मोबाईलवर धबधब्याच्या रील्स. मग पेपरात कोणीतरी बुडाल्याची बातमी. आणि मग बंदीचा आदेश. बोर्ड लागतो, दोन पोलीस उभे राहतात, गर्दी बाजूच्या नाल्यावर सरकते, अन् पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू.

मी बल्लारपूरचा. पावसाळी रविवारी जंगलाकडे निघणाऱ्यांपैकीच एक. त्यामुळे "घरी बसा" असं मी कोणाला सांगणार नाही. पेपर मिल, कोळसा खाण आणि उन्हाळ्याचा ताप सोसणाऱ्या गावातल्या माणसाला पावसाळ्यात हिरवं पाहावंसं वाटलं तर त्यात गैर काय? माझं म्हणणं वेगळं आहे. धबधब्यापर्यंतची पायवाट त्या गावच्या ग्रामसभेच्या हाती द्या. बंदीने जे होत नाही ते याने होईल.

आधी आपली जागा पाहू. चिमूर तालुक्यात डोम्याजवळ मुक्ताई. माना समाजाचं ते श्रद्धास्थान, आणि आता पावसाळ्यात अर्ध्या जिल्ह्याची सहल तिथेच. नागभीडकडे सातबहिणी आणि घोडाझरीचा तलाव. गडचांदूरजवळ अमलनाल्याचा सांडवा, ज्याला सगळे नुसतं "ओव्हरफ्लो" म्हणतात. आणि पार तिकडे भामरागडच्या पलीकडे, लाहेरीच्याही पुढे बिनागुंडा.

घोडाझरीचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. जुलै २०२३ मध्ये तिथे चार तरुण बुडाले. मार्च २०२५ मध्ये पाच. मार्च म्हणजे ना पाऊस, ना पूर, ना बंदीचा सीझन. पावसाळ्यापुरता कागद काढून हे मरण थांबणारं नव्हतं. काठावर कोणी ओळखीचं माणूस उभं असतं आणि "पोट्टेहो, इथून पुढे खोल आहे, उतरू नका" म्हणालं असतं, तर कदाचित फरक पडला असता. त्या पाण्याची खोली गावातल्या ढिवराला माहीत असते, गुराख्याला माहीत असते. शहरातून आलेल्याला पाणी वरून सारखंच दिसते.

धबधब्याचं पाणी तर त्याहून फसवं. आपण उभे असतो तिथे ऊन पडलेलं असते, पाऊस मात्र दोन-तीन कोस वर डोंगरात पडून राहिलेला असतो. तो नाल्यातून खाली यायला वेळ लागतो, आणि येतो तेव्हा एकदम येतो. गावची माणसं काही खुणा पाहतात. स्वच्छ पाणी गढूळ होते, पालापाचोळा अन् काड्या वाहून यायला लागतात, वरून येणारा आवाज बदलतो. यातलं एक जरी दिसलं तरी ते काठावर येतात. आपण त्याच वेळी "अजून एक फोटो" म्हणत असतो. शेवाळलेल्या दगडावर, गुडघाभर वाहत्या पाण्यात धडधाकट माणसाचाही पाय उचलला जातो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण असेच वाहून गेले. प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर एकमेकांना धरून उभे असलेले ते लोक आपण सगळ्यांनी व्हिडिओत पाहिले. काठावर माणसं होती, पण दोर नव्हता.

त्यानंतर पुणे जिल्ह्यात कलम १६३ (जुनं १४४) लागलं. तातडीचा उपाय म्हणून ते ठीकच. पण बंदी म्हणजे व्यवस्था नव्हे. एवढ्या मोठ्या जंगलात प्रत्येक नाल्यावर पोलीस उभा करता येत नाही, आणि जिथे उभा नाही तिथे पोट्टे जातातच.

हे आपल्याकडेच होते असं समजू नका. हवाईच्या ओआहू बेटावर सेक्रेड फॉल्स नावाचा धबधबा आहे. ९ मे १९९९ ला तिथे दरड कोसळून आठ जण गेले. तेव्हापासून ती वाट बंद आहे, आणि तरीही लोक कुंपण ओलांडून जातात. अमेरिकेसारख्या देशालासुद्धा नुसत्या कुलपाने ते जमलं नाही.

त्याच हवाईत काउआई बेटावर दुसरं चित्र आहे. तिथे हानाकापीआई धबधब्याची वाट आहे, जाऊन-येऊन साधारण १३ किलोमीटर, मध्ये ओढा ओलांडावा लागतो. एप्रिल २०१८ मध्ये त्या भागात २४ तासांत सुमारे १२६० मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे आपल्या चंद्रपूरला अख्ख्या वर्षात पडतो जवळपास तेवढा एका दिवसात! रस्ता वाहून गेला, उद्यान वर्षभर बंद राहिलं. २०१९ ला उघडताना त्यांनी नियम केला, दिवसाला ९०० पाहुणे, आधी नोंदणी करून. हवाईच्या रहिवाशांना नोंदणीची गरज नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे वाहनतळ आणि बसची व्यवस्था तिथल्याच स्थानिक संस्थांकडे दिली. आधी रोज त्याच्या दुप्पट-तिप्पट लोक येत होते. आता गर्दी आटोक्यात आहे, आणि कामाचा पैसा तिथल्या लोकांकडे जातो.

"ते हवाई आहे भाऊ, आपल्याकडे काऊन होईल?" असं कोणी म्हणेल. आपल्याकडे कायदा आधीपासून आहे. वनहक्क कायदा २००६, कलम ५. जंगल, वन्यजीव, पाणलोट आणि पाण्याचे स्रोत सांभाळण्याचा अधिकार त्यात ग्रामसभेला दिलेला आहे. देशात सामूहिक वनहक्क पहिल्यांदा मिळाले ते गडचिरोलीतच, २००९ मध्ये मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना. आणि इतकं लांब जायचीही गरज नाही. बल्लारपूरहून कोठारी मार्गे गोंडपिपरीकडे निघा, तिकडे पाचगाव आहे. २०१२ मध्ये त्या गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. गाव स्वतः बांबू विकते, स्वतः जंगलाची राखण करते. तेंदूपत्ता तोडताना झाडांचं नुकसान होते म्हणून हातचा पैसा सोडून त्यांनी तो तोडणं बंद केलं. जे गाव जंगलासाठी उत्पन्न सोडू शकते, त्याला एक पायवाट सांभाळता येणार नाही का?

आणि मर्यादा पाळायची सवय आपल्यालाही आहे. ताडोब्यात गाड्या मोजून सोडतात, गाईडशिवाय आत जाता येत नाही, पावसाळ्यात कोअर बंद असतो. कोणी तक्रार करत नाही. वाघासाठी पाळतो ते पाण्यासाठी पाळायला काय हरकत आहे? तसंही चिमूर-नागभीडच्या जंगलात धबधब्याची वाट म्हणजे वाघाचीही वाट. दहा जण डीजे लावून, संध्याकाळी उशिरा तिथून परत येतात, तेव्हा धोका फक्त त्यांना नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाटेने गुरं घेऊन जाणाऱ्यालाही असतो.

मग नेमकं काय करायचं? माझ्या मते इतकं पुरे :

१. वाटेच्या तोंडाशी गावाचा नाका. माणशी थोडी पट्टी, पावती देऊन. नाव, नंबर, किती जण, हे वहीत लिहायचं. परत आल्यावर खूण करायची, म्हणजे कोण मागे राहिलं ते कळते.

२. दिवसाची संख्या ठरलेली. दुपारी तीननंतर आत कोणी नाही, पाचपर्यंत सगळे बाहेर.

३. प्रत्येक गटासोबत गावातला एक वाटाड्या, त्याचा मेहनताना ठरलेला. नाला गढूळ झाला की त्याचा शब्द शेवटचा.

४. पाण्याजवळ दोर, हवा भरलेली ट्यूब, आणि ते वापरायला शिकलेली चार पोरं. प्रशिक्षण आपत्ती व्यवस्थापन विभागाने द्यावं.

५. दारू नाही, डीजे नाही. आत नेलेली प्रत्येक पन्नी बाहेर आणायची. खर्र्याची पन्नीसुद्धा! मुक्ताईसारख्या ठिकाणी तर हे आधी पाळलं पाहिजे, कारण तो कोणाचा तरी देव आहे.

जिथे सामूहिक वनहक्क मिळालेला नाही, तिथे वन विभागाने संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत हेच करावं. सिमेंटच्या पायऱ्या, सेल्फी पॉइंट आणि कमानीवर कोटी खर्च करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे.

दोन आक्षेप येतील. पहिला, "गाववाले पैसे उकळतील." पावती, दर लिहिलेली पाटी आणि ग्रामसभेत हिशोबाचं वाचन, यावर उपाय आहे. दुसरा, "जंगल सगळ्यांचं आहे, पैसे कशाचे?" जंगल सगळ्यांचंच आहे, पण तुम्ही घसरलात तर दोर घेऊन पळत येणारा माणूस त्या गावचा असतो. आजवर तो फुकट पळत आला. प्रेतं काढायला पाण्यात उतरतात तेही बहुतेक वेळा गावचेच ढिवर. त्या माणसाला आधीच, जिवंत माणसासाठी, कामावर ठेवा एवढंच मागणं आहे.

बिनागुंड्याबद्दल मात्र वेगळं सांगतो. अलीकडे "तिकडेही टुरिझम सुरू करा" असं म्हणणारे वाढले आहेत. लाहेरीच्या पलीकडच्या गावांना गुंडेनूर नाला वर्षानुवर्षं पावसाळ्यात तोडून ठेवत आला आहे. पर्लकोटेला पूर आला की खुद्द भामरागडचा संपर्क तुटतो. त्या भागात आजारी माणसाला खाटेवर घालून नाला ओलांडल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. आपल्याला ज्या पाण्यात थ्रिल वाटते, तेच पाणी त्यांच्या अन् दवाखान्याच्या मध्ये आडवं असते. म्हणून तिथे आधी पूल, मग पाहुणे. आणि पाहुणे यावेत की नाही, किती यावेत, हे तिथल्या माडिया गावांनी ठरवावं. मुंबई-नागपूरच्या ट्रेकिंग ग्रुपने नाही, आणि आपणही नाही.

१५ ऑगस्टला गावोगावी ग्रामसभा होते. ज्यांचं गाव, सासर किंवा शेती डोमा, नागभीड, गडचांदूर या पट्ट्यात आहे, त्यांनी हा विषय लेखी द्यावा. अर्ज एका पानाचा होतो. मसुदा करायला मदत पाहिजे असेल तर खाली लिहा, आपण मिळून बसू. आणि तोपर्यंत ज्यांना जायचं आहे त्यांनी जरूर जावं, पण गावात थांबून, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून, "काका, आज नाला कसा आहे?" आणि ते "आज नको" म्हणाले तर चहा पिऊन परत यावं.