बंद कारखान्यांच्या चालत्या गाड्या

कारखाना बंद पडला म्हणजे काय होते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. भोंगा थांबतो, खाती रिकामी होतात, यंत्रे भंगारवाल्याकडे जातात आणि वीस-पंचवीस वर्षे एकाच खात्यात घाम गाळलेला माणूस घरी येऊन बसतो. पण त्या कारखान्यातून बाहेर पडलेला माल जगात फिरतच असतो, त्याचे पुढे काय? कापड असेल तर ते फाटते आणि विसरले जाते. मोटारसायकलीचे तसे नाही. तिला आज पॅकिंग लागते, उद्या चेन, परवा पिस्टनच्या रिंगा. बनवणाराच उरला नाही तर हे मागायचे कोणाकडे? इंग्लंडातील काही माणसांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या हाताने दिले, त्यांची हकीकत आज सांगावी असे आम्ही ठरविले.

बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री आणि आसपासचा परिसर एकेकाळी मोटारसायकलींचे माहेरघर होता. स्मॉल हीथमध्ये बीएसए, हॉल ग्रीनमध्ये वेलोसेट, रेडिचमध्ये रॉयल एनफिल्ड, मेरिडेनला ट्रायम्फ. या गाड्या म्हणजे काही साहेबलोकांची चैन नव्हती. कामगार त्यांवर बसून पाळीला जाई आणि सुटीच्या दिवशी बाजूला साईडकार जोडून बायको-पोरांना समुद्रावर नेई. पुढे १९५९ साली मिनी ही लहान मोटार आली, कुटुंब छपराखाली बसू लागले. पाठोपाठ जपानी गाड्या आल्या. त्या बटणावर सुरू होत आणि तेल गळत नसे. इकडे मालकांनी जुन्या यंत्रांवरच जुना माल काढणे चालू ठेवले. रेडिचचा कारखाना १९६७ ला गेला, वेलोसेट १९७१ ला, बीएसए १९७३ ला.

त्याच वर्षी सप्टेंबरात मेरिडेन बंद करण्याचे जाहीर झाले, तेव्हा मात्र कामगारांनी फाटक अडविले. सुमारे दीड वर्ष ते हटले नाहीत. १९७५ मध्ये सरकारी कर्ज घेऊन त्यांनी तो कारखाना सहकारी तत्त्वावर स्वतः चालवायला घेतला आणि सुरुवातीला सर्वांना सारखाच पगार ठेवला. १९८३ पर्यंत त्यांनी तो ओढला. नंतर तोही बंद झाला. ट्रायम्फ हे नाव पुढे दुसऱ्या मालकाने हिंकलीला नव्याने उभे केले, पण ती गोष्ट वेगळी.

सुट्या भागांची अडचण मोठी होती, आणि ती सोडविली गाड्यांच्या मालकांच्या क्लबांनी. क्लब म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे पत्ते आणि चहा येतो. इथे प्रकार निराळा आहे. १९४६ साली जुन्या गाड्या जतन करण्यासाठी व्हिंटेज मोटारसायकल क्लब निघाला. त्याच्या संग्रहात बीएसए, ट्रायम्फसारख्या कारखान्यांच्या माल रवानगीच्या वह्या आहेत. इंजिनाचा आणि फ्रेमचा नंबर कळवा, गाडी कोणत्या दिवशी फाटकाबाहेर पडली ते वहीत सापडते. कागदपत्र हरवलेल्या गाडीला मान्यताप्राप्त क्लबचा जाणकार वयाचा दाखला देतो आणि सरकारी नोंदणी कार्यालय तो मानते. त्या वह्या लिहिणाऱ्या कारकुनाला आपण काय लिहून ठेवतो आहोत याची कल्पना तरी असेल काय?

व्हिन्सेंटच्या मालकांनी याहून पुढची मजल मारली. स्टीव्हनेजच्या या कंपनीने १९५५ मध्ये मोटारसायकली बनविणे थांबविले. पुढे क्लबच्या सभासदांनी सुटे भाग तयार करून घेण्यासाठी स्वतःचीच कंपनी काढली. एक एक भाग जमत गेला आणि शेवटी त्यांनी केवळ नव्या भागांतून एक अखंड व्हिन्सेंट उभी करून दाखविली. मूळ कंपनी जाऊन पन्नास वर्षे झालेली, आणि गाडी कोरी!

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. समजा, कोणाच्या गोठ्यात बीएसएची एम-२० सापडली. दुसऱ्या महायुद्धात फौजेसाठी या गाड्या सव्वा लाखाच्या घरात निघाल्या. ५०० सीसीचे एक सिलिंडर, मागच्या चाकाला स्प्रिंग नाही, वेग बेताचा, पण कसल्याही पेट्रोलवर चालणारी. नवखा माणूस लगेच पाना घेऊन बसतो आणि इथेच चुकतो. जाणते सांगतात की आधी सर्व बाजूंनी फोटो काढा, वायर कुठून कुठे जाते ते लिहा, गंजलेल्या बोल्टांना तेल पाजून काही दिवस स्वस्थ राहा. काढलेला प्रत्येक नट ज्याच्या त्याच्या डबीत, डबीवर चिठ्ठी. खोलणे एका दुपारचे काम असते, जोडायला दोन वर्षे लागतात. तोवर कुठला नट कुठला हे डोक्यात राहत नाही.

पाने वेगळे लागतात हा आणखी एक घोळ. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली आट्यांचे माप ठरवून दिले आणि जुनी ब्रिटिश यंत्रे पुष्कळ काळ त्याच घराण्यातील मापांवर चालली. त्या पान्यावर कोरलेला आकडा नटाच्या रुंदीचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. पाव इंची व्हिटवर्थ नटाला आपला १३ नंबरचा पाना शिरत नाही आणि १४ नंबरचा सैल बसतो. जोर लावला की नटाचे कोपरे गोल. मोटारसायकलीत त्यातही सायकलचे बारीक आटे, एका इंचात २६. चुकीचा बोल्ट दोन फेरे बसतो, तिसऱ्याला भोकातले आटे घेऊन बाहेर येतो. अशी फसगत आपल्याकडेही गल्लोगल्ली होते.

इंजिनातही खोड्या असतात. जुन्या जोड-सिलिंडर बीएसए आणि ट्रायम्फच्या क्रँकशाफ्टमध्ये तेलातला गाळ धरून ठेवणारी एक पोकळ नळी असते. वरून सारे चकचकीत केले आणि ती नळी साफ करायची राहिली, तर गाळ तेलाची वाट अडवतो आणि नवे बेअरिंग जळते. दिसत नाही ते आधी साफ करा, असे क्लबातले म्हातारे ओरडून सांगतात ते यासाठीच. मॅग्नेटोची तऱ्हा तशीच. सकाळी एका किकला गाडी सुरू, दहा मैलांवर गरम झाली की बंद, थंड झाली की पुन्हा सुरू. बिचारा मालक कार्बोरेटर धूत बसतो. दोष असतो मॅग्नेटोच्या पोटातील जुन्या कंडेन्सरचा.

हे निदान पुस्तकात मिळते, पण हात पुस्तकात मिळत नाही. पॉइंट नेमका कधी उघडतो ते पाहायला जुने फिटर त्याच्या फटीत सिगारेटचा पातळ कागद धरत. चाक हळूहळू फिरवायचे आणि कागद सुटला तो क्षण पकडायचा. किती ताणायचा, सुटला म्हणजे कसा सुटला, हे शेजारी बसूनच शिकावे लागते. ज्यांनी या गाड्या तरुणपणी चालविल्या ती पिढी आता थकली आहे. मॅग्नेटो गुंडाळणारे, आरे ताणून चाक सरळ करणारे थोडे राहिले. भाव मात्र वाढले आहेत. काहीजण गाडी नव्याहून नवी करून दिवाणखान्यात ठेवतात, मूळ रंग खरवडून काढतात. आम्हांस ते पटत नाही. ज्या गाडीने साईडकारमधून पोरे वाहिली तिच्या टाकीवर गुडघे घासून रंग गेला असेल, तर तो तसाच राहू द्यावा आणि गाडी रस्त्यावर धावू द्यावी.

हे सारे पुरुषांचे काम, असे आमच्या भगिनींनी समजू नये. बिट्रिस शिलिंग ही एका खाटकाची मुलगी. चौदाव्या वर्षी तिने मोटारसायकल घेतली, स्वतः खोलली, जोडली. पुढे ती इंजिनिअर झाली आणि १९३४ मध्ये नॉर्टनवर ब्रुकलँड्सच्या धावपट्टीची फेरी ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने मारून तिने सुवर्णतारा मिळविला. महायुद्धात लढाऊ विमानाने एकदम खाली सूर मारला की इंजिन अडखळे. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा लोंढा येई. तिने सुचविलेल्या भोकाच्या एका लहानशा चकतीने तो आवरला.

या गोष्टीचा एक धागा आपल्याकडेही येतो. रेडिचच्या कंपनीच्या सहकार्याने १९५५ मध्ये मद्रासला बुलेट बनू लागली. रेडिच बंद पडले, मद्रास चालू राहिले. त्यामुळे इंग्लंडातील जुन्या बुलेटवाल्याला पुढे भारतात बनलेले सुटे भाग कामी आले. मूळ घर बसले आणि दूरच्या शाखेने चूल पेटती ठेवली, असेच म्हणायचे.

ज्यांच्या दारात वडिलांची उजव्या पायाच्या गिअरची बुलेट अजून उभी आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले, तेव्हा क्लबांनी सभासदांना सावध केले. आपल्याकडे २०२३ पासून २० टक्क्यांचे पेट्रोल येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते बहुतेक पंपांवर पोचले. जुने रबर त्याने फुगते किंवा विरघळू लागते, ते पाणी ओढते आणि टाकी आतून गंजते. पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी. पेट्रोलची नळी बोटांनी दाबून पाहावी. चिकट किंवा फुगलेली लागली तर त्याच दिवशी बदलावी.