लस होती, वृद्धांपर्यंत पोचली नाही

लस घेऊनही कोरोना झाला, मग लसीचा उपयोग तो काय, हा प्रश्न गिरणगावातील चाळींपासून इंदूर-भिलाईच्या कामगार वसाहतींपर्यंत आजही विचारला जातो. तो विचारणाऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु दोष त्याचा नाही. २०२१ साली लस म्हणजे अभेद्य कवच असा गाजावाजा झाला आणि पुढच्याच वर्षी ओमिक्रॉनने लस घेतलेल्या घरांतही शिरकाव केला. लागण होणे आणि लागण झालेल्याचा जीव धोक्यात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सामान्य माणसाला कोणी नीट समजावून सांगितले नाही.

रक्तातील प्रतिपिंडे काही महिन्यांत ओसरतात, विषाणूही रूप पालटतो. त्यामुळे सर्दी-ताप टळेलच अशी हमी लस देऊ शकत नाही. मात्र शरीराच्या संरक्षक पेशींना पटलेली शत्रूची ओळख अधिक काळ टिकते, आणि विषाणू फुफ्फुसात ठाण मांडण्यापूर्वी त्या पेशी कामाला लागतात. वार्धक्यात ही ओळख पटण्यास वेळ लागतो व ती लवकर पुसट होते. म्हणून वृद्धांना आणि मधुमेह, मूत्रपिंडविकार, कर्करोग यांनी जर्जर झालेल्यांना पुन्हा डोस देण्याची गरज अधिक असते. तरुणाच्या तुलनेत त्यांना मिळणारे संरक्षण काहीसे दुबळे असते हे खरे; पण त्यांच्यावरील धोकाच इतका मोठा असतो की वाचणारे प्राणही त्यांच्यातच सर्वाधिक असतात.

याचा निर्विवाद व तितकाच दुःखद पुरावा हाँगकाँगने दिला. दोन वर्षे सीमा बंद ठेवून या शहराने विषाणूला बहुतांशी बाहेर थोपविले होते. लस मुबलक होती, मोफत होती, जर्मन बनावटीची घ्यावी की चिनी याची निवडही होती. तरीही २०२१ च्या अखेरीस साठीपुढील जेमतेम निम्म्या लोकांचे दोन डोस झाले होते. ऐंशीपुढे आणि वृद्धाश्रमांत तर हे प्रमाण फारच कमी होते. आजारी म्हाताऱ्याला सुई सोसणार नाही अशी कुटुंबांची भीती होती आणि कित्येक डॉक्टरांनी ती दूर करण्याऐवजी वाढविली. ज्याला लसीची सर्वात अधिक गरज, त्यालाच थांबण्याचा सल्ला मिळाला.

मग ओमिक्रॉन आला. ६ जानेवारी ते २१ मार्च २०२२ या अडीच महिन्यांत ५,९०६ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी ५,६५५ साठ व त्यापुढील वयाचे होते. या वृद्ध मृतांपैकी ३,९७० जणांनी, म्हणजे शेकडा सत्तर जणांनी, एकही डोस घेतलेला नव्हता. लस न घेतलेल्या वृद्धांतील मृत्यूचे प्रमाण दोन डोस घेतलेल्यांच्या वीसपटींहून अधिक निघाले. तेथील विद्यापीठाच्या अभ्यासात साठीपुढील लोकांना गंभीर आजार व मृत्यूपासून दोन डोसांनी मिळालेले संरक्षण जर्मन लसीचे सुमारे ८९ टक्के, तर चिनी लसीचे सुमारे ७० टक्के आढळले; तिसऱ्या डोसानंतर दोन्ही लसी ९८ टक्क्यांच्या आसपास पोचल्या. न्यूझीलंडनेही सीमा बंद ठेवल्या होत्या, पण वृद्धांना आधी लस टोचली होती. त्याच लाटेत तेथे मृत्यूंचा असा डोंगर उभा राहिला नाही. सीमा रोखण्यात दाखविलेली तत्परता हाँगकाँगने वृद्धाश्रमाच्या दारात सुई नेण्यात दाखविली नाही, एवढाच काय तो फरक.

भारताने यावर फुशारकी मारण्याचे कारण नाही. १ मार्च २०२१ पासून साठीपुढील नागरिकांना लस खुली झाली, ती मोबाइल व ओटीपीच्या दारातून. दुसरी लाट ऐन भरात असताना १ मेपासून एकाच लसीचे केंद्र, राज्ये व खासगी रुग्णालये यांच्यासाठी तीन वेगवेगळे भाव लावण्यात आले. १८ ते ४४ वयोगटाला विकत लस देण्याचे हे धोरण सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे रोजी प्रथमदर्शनी मनमानी व अतार्किक ठरविल्यावर आणि देशभर टीका झाल्यावरच केंद्राने २१ जूनपासून बहुतांश खरेदी पुन्हा आपल्याकडे घेतली. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना घरी जाऊन लस देणे शक्य नाही, असे केंद्र मुंबई उच्च न्यायालयात सांगत राहिले. मुंबई महापालिकेने ऑगस्ट २०२१ मध्ये तेच काम सुरू करून दाखविले आणि सप्टेंबरमध्ये केंद्राला मान्यता द्यावी लागली. तोवर दुसरी लाट येऊन गेली होती.

लसीचे दुष्परिणाम झाकण्यानेही हानीच झाली. कोविशील्डच्या जातीच्या लसीने अत्यंत विरळा रक्तात गुठळ्या होतात, हे २०२१ सालीच युरोपात उघड सांगितले गेले होते. भारतात त्याची मोकळी चर्चा झाली नाही. म्हणून २०२४ साली मूळ कंपनीने ब्रिटिश न्यायालयात ते मान्य करताच अफवांना ऊत आला. हा धोका मुख्यतः तरुणांत दिसला होता आणि वृद्धांना कोरोनापासून असलेल्या धोक्यापुढे तो नगण्य होता, हे वेळीच सांगितले असते तर ऐकले गेले असते.

आज प्रश्न कोरोनापुरता उरलेला नाही. १९८५ पासूनचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम बालके व गर्भवती स्त्रियांसाठी आहे; वृद्धांना फ्लू किंवा न्यूमोनियाची लस खिशातून पैसे मोजून घ्यावी लागते. फ्लूची लस कोरोनाच्या लसीइतकी प्रभावी नाही आणि दरवर्षी घ्यावी लागते, तरीही इस्पितळाची पायरी चढणाऱ्या म्हाताऱ्यांची संख्या ती कमी करते. बाजारात तिची किंमत बहुधा हजार रुपयांहून अधिक असते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान पेन्शन २०१४ साली ठरली, ती महिना एक हजार रुपये. जन्मभर साच्यावर राबलेल्या कामगाराने महिन्याची सारी पेन्शन मोजली तरी एक डोस पुरता यायचा नाही. फ्लू व न्यूमोनियाची लस साठीपुढील प्रत्येकाला सरकारी दवाखान्यात मोफत, आणि चालता न येणाऱ्याला घरी मिळाली पाहिजे, तीही आशा कार्यकर्तीला या कामाचा पूर्ण मोबदला देऊन. ही मागणी पेन्शनवाढीच्या मागणीशेजारीच निवेदनांत लिहिली जावी, आणि वस्तीत अंथरुणाला कोण खिळले आहे याची यादी शाखांनी पावसाळ्याआधी तयार ठेवावी.