एक पान = दोन मिनिटं

मागच्या दिवाळीत भाऊबीजेला ताईकडे गेलो होतो. ओवाळून झालं, फराळ झाला आणि नेहमीप्रमाणे गाडी टॅबवर आली. माझा भाचा आठ वर्षांचा, तिसरीत, इंग्रजी माध्यम. ताईचं म्हणणं, "दिवसभर तो टॅब! पुस्तकाला हात लावेल तर शपथ. तू इंजिनिअर ना? कर की काहीतरी!"

आता इंजिनिअरला 'कर काहीतरी' म्हटलं की तो काय करणार? त्याने एक्सेल उघडलं.

पण त्याआधी अजून एक गोष्ट सांगायला हवी. आई गावाला असते, साताऱ्याजवळ. गेल्या वर्षी ती मोठ्या जिद्दीने मोबाईलवर मराठी टाइप करायला शिकली आणि नातवाला रोज एक मेसेज पाठवायला लागली. साहेब तो मेसेज घेऊन ताईकडे पळणार, "आई, आजीने काय लिहिलंय?" अक्षरं त्याला येतात हो, शाळेत मराठी आहेच. पण एकेक अक्षर लावत ओळीच्या शेवटापर्यंत पोचेस्तोवर सुरुवात विसरून जातो आणि जोडाक्षर आलं की गाडी बंद. हे आईला कळलं आणि तिने टाइप करणं सोडून दिलं. तेव्हापासून ती बोलून पाठवते. कुणी काही बोललं नाही, पण मला ते लागलं.

तर एक्सेल. नियम अगदी सोपा: मराठी पुस्तकाचं एक पान वाचलं की टॅबची दोन मिनिटं जमा. शिल्लक पुढच्या दिवशी चालेल, उधारी बंद. पहिल्याच आठवड्यात ९४ पानं! मी ऑफिसात चहाच्या वेळी लोकांना ग्राफ दाखवत होतो. आमच्या टीमच्या कुठल्याच ग्राफने इतक्या आज्ञाधारकपणे वरची दिशा धरलेली नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्याच्या शेजारी बसून पाहिलं. पठ्ठ्याने ज्या पुस्तकात एका पानावर एक हत्ती आणि खाली एकच ओळ आहे ते शोधून काढलं होतं. तेच पुस्तक चौथ्यांदा चाललं होतं. नजर पानावर कमी आणि घड्याळाकडे जास्त. मध्येच मला विचारतो, "मामा, कव्हर धरायचं का?"

आमच्या धंद्यात याला बग म्हणत नाहीत. सिस्टम स्पेकप्रमाणे चोख चालली होती, स्पेकच चुकलं होतं. मी पानं मोजली, त्याने मला पानं दिली. वाचन मी कुठे मागितलं होतं?

तरी मी पॅच मारायच्या तयारीत होतो. म्हणजे पानांऐवजी शब्द मोजू, शेवटी तोंडी परीक्षा घेऊ वगैरे. मग एका रविवारी काय झालं, मी त्याला म्हटलं, "आज हिशोब बंद. टॅब हवा तेवढा घे. पण आधी आपण दोघं एक गोष्ट वाचू या, मस्त आहे." त्याने अगदी निरागसपणे विचारलं, "मग मला काय मिळणार?"

संपलं. तीन आठवड्यांपूर्वी हाच मुलगा निदान चित्रं बघायला तरी पुस्तक उघडायचा, तेही फुकटात. आता ती मजुरी झाली होती आणि मजुरीचा दर मीच ठरवला होता.

नंतर वाचताना कळलं की हा मूर्खपणा करणारा मी पहिला नाही. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. बालवाडीतली, स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता चित्र झाल्यावर दिलं. बाकीच्यांना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात नुसतीच स्केचपेन ठेवली, बक्षीस वगैरे काही नाही. ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिलं होतं, ती मुलं आता बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. आवडीच्या गोष्टीला दर लावला की ती आवड राहत नाही, काम होतं. आणि वाचून टॅब मिळतो म्हटल्यावर पोराने त्यातून काय शिकायचं? वाचन हा भोग आणि टॅब हा मोक्ष!

म्हणूनच माझं स्पष्ट मत झालंय की स्क्रीन टाइम हा वाचनाचा पगार म्हणून वापरू नये. वापरायचाच असेल तर तो वेळच वाचनाचा करावा.

कसा? सबटायटल्स. हसू नका, पुढे ऐका.

१९९६ सालची गोष्ट. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकणारे ब्रिज कोठारी मित्रांबरोबर पेद्रो आल्मोदोवारचा स्पॅनिश सिनेमा बघत होते. खाली सबटायटल्स इंग्रजी. कोठारी तेव्हा स्पॅनिश शिकत होते. त्यांना वाटलं, संवाद स्पॅनिश आहेत तर खाली स्पॅनिशच का नाही लिहीत, ऐकलेलं वाचता तरी येईल. आणि मग पुढचा विचार: भारतात हिंदी गाण्यांखाली हिंदी शब्द दिले तर लोक वाचायला शिकतील का? पुढे आयआयएम अहमदाबादमध्ये त्यांनी याच्यावर काम केलं. १९९९ मध्ये अहमदाबाद दूरदर्शनवर गुजराती गाण्यांखाली गुजराती शब्द आले, २००२ मध्ये 'चित्रहार'ला आले, नंतर 'रंगोली'ला. मला हे पक्कं आठवतंय! रविवारी सकाळी 'रंगोली' लागायचं आणि खाली शब्द यायचे, गाण्याबरोबर त्यांचा रंग बदलत जायचा. मी ते मोठ्याने म्हणायचो. आपण वाचनाचा सराव करतोय हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणूनच बहुधा तो झाला.

यामागचं गणित साधं आहे. कान शब्द आधीच ओळखतो, डोळ्याला फक्त तो कसा दिसतो ते जुळवायचं असतं. अडखळलं तर आवाज पुढे ओढून नेतो. आणि पडद्यावर अक्षरं आली की नजर आपोआप तिकडे जाते. डोळ्यांच्या हालचाली मोजून हे तपासलेलं आहे. जबरदस्ती नाही, हिशोब नाही, बक्षीस नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग लाव की सबटायटल्स, अडलंय कुठे? अडलंय इथे की मराठी सिनेमा लावला तर खाली बहुतेक वेळा इंग्रजी येतं. ते भाषांतर झालं. मला हवं होतं मराठी आवाज आणि खाली तोच मराठी शब्द. मशीनने आपोआप केलेली सबटायटल्स बघितली, पण त्यातल्या चुका पाहून पोर भलतंच काहीतरी शिकेल अशी भीती वाटली. शेवटी म्हटलं, स्वतःच करू. सबटायटलची एसआरटी फाइल म्हणजे असतं काय? क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची वेळ आणि खाली एक ओळ. नोटपॅडमध्ये होतं.

गावाला गेलो तेव्हा आईला ओट्यावर बसवून फोनवर शूट केलं. तिच्या लहानपणी बैल भर ओढ्यात गाडीसकट बसला ती गोष्ट, चार मिनिटांची. परत आल्यावर ओळी टाइप करायला दीड तास गेला. फाइल टॅबवर टाकली आणि पोराला फक्त म्हटलं, "आजीचा व्हिडिओ आहे, बघ."

त्याने पाहिला. परत पाहिला. तिसऱ्यांदा पाहताना मध्येच थांबवला आणि म्हणाला, "मामा, आजी 'बैल उठंना' म्हणाली. तू 'उठेना' का लिहिलंस?"

मी गपगार! आईच्या बोलीला मी टाइप करता करता पुणेरी इस्त्री मारली होती आणि ती या मराठी न वाचणाऱ्या मुलाने पकडली. वाचल्याशिवाय कशी पकडणार? मी मुकाट्याने ओळ दुरुस्त केली. त्यानंतर अशा सहा गोष्टी झाल्यात आणि माझ्या चुका शोधणं हा त्याचा आवडता खेळ आहे. आता 'तुला चूक सापडली की पाच मिनिटं जास्त' असा नियम करायचा मोह मला दोनदा झाला. दोन्ही वेळा आवरला :-)

ही जादू नाही हेही सांगतो. ज्याला अक्षरओळखच नाही त्याला नुसत्या सबटायटल्सनी वाचता येणार नाही, तिथे शिकवावंच लागतं. टॅबच्या वेळेला मर्यादा हवीच, ताईने ती ठेवलीय, फक्त तिचा पुस्तकाशी संबंध तोडलाय. आणि पडद्यावरची दोन सेकंदांची ओळ म्हणजे पुस्तक नव्हे. पुस्तकात आपल्या वेगाने थांबता येतं, मागे जाता येतं. त्यासाठी ताई रात्री झोपताना दहा मिनिटं त्याला वाचून दाखवते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत, आम्ही त्या वापरतो. तो अजूनही स्वतःहून पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसत नाही. बसेल की नाही, माहीत नाही.

पण तुमच्या घरी असा कुणी भाचा-पुतणी असेल तर एक्सेल उघडू नका, एवढं माझं ऐका. त्यांना आवडतं ते लावा, आवाजाच्याच भाषेतली अक्षरं खाली असतील असं बघा, शक्य तेव्हा शेजारी बसा. आणि जमलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाची एक गोष्ट रेकॉर्ड करून खाली ओळी टाका. एका शनिवार दुपारचं काम आहे. आपण त्याहून निरुपयोगी गोष्टींवर किती वीकेंड घालवतो!

परवा आईचा फोन आला. म्हणाली, "अरे, त्याचा मेसेज आलाय, मराठीत." मेसेज असा होता: 'आजी बईल मग उटला का'. दोन चुका, प्रश्नचिन्ह नाही. आईने चष्मा लावून, दहा मिनिटं खपून, उत्तर टाइप करून पाठवलं. आणि ते त्याने ताईकडे न जाता वाचलं.

काय लिहिलं होतं ते मी विचारलं नाही. त्या दोघांचं आहे ते.